फ्रिजचा सेन्सर खरंच गेलाय का? बदलण्याआधी घरीच कसं तपासायचं

फ्रिज नीट थंड होत नाही, किंवा उलट इतका थंड होतो की खालच्या कप्प्यातल्या भाज्या गोठून जातात, आणि मग कुणीतरी सांगतं "सेन्सर गेलाय, बदलून टाका". बदलला जातो, दोन-तीन दिवस बरं चालतं, आणि परत तेच सुरू. माझ्या घरी अगदी असंच झालं होतं, नवा सेन्सर बसवल्यावर चौथ्या दिवशी फ्रिज परत कोमट, मग जुना सेन्सर शोधून काढून मीटरवर मोजला तर तो ठणठणीत निघाला, खरा बिघाड डीफ्रॉस्ट हीटरचा होता, म्हणजे आतल्या कॉइलवर जमणारा बर्फ मधूनमधून वितळवणाऱ्या हीटरचा. मधले तीन दिवस बरे गेले ते सेन्सरमुळे नाही, तर दुरुस्तीच्या वेळी फ्रिज बंद ठेवला तेव्हा आतल्या कॉइलवरचा बर्फ वितळला म्हणून.

तेव्हापासून माझं एकच सांगणं असतं, मोजल्याशिवाय सेन्सर बदलायचा नाही, आणि मोजायचं ते एका तापमानाला नाही, निदान दोन तापमानांना. दोन का, ते पुढे येईलच, पण या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. लागणारं सामान अगदी साधं आहे: डिजिटल मल्टिमीटर, एक बऱ्यापैकी थर्मामीटर, स्क्रू ड्रायव्हर, क्लिपा उचकायला प्लास्टिकची पट्टी, आणि ग्लासभर बर्फ.

आधी हा सेन्सर करतो काय ते बघू

आजच्या बहुतेक फ्रिजमधला टेम्परेचर सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर. मेटल ऑक्साइडचा छोटासा मणी, त्याला दोन वायरी, आणि वरून प्लास्टिकचं किंवा इपॉक्सीचं आवरण, बस एवढंच. तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) कमी होतो, थंड झालं की वाढतो. (थंडावा वाढला की रेझिस्टन्स वाढणारे पदार्थ असतात हे मायकेल फॅरडेने १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडवर काम करताना नोंदवलं होतं, म्हणजे कल्पना तशी जुनीच आहे.)

फ्रिजमध्ये साधारण ५ किलोओहमचे किंवा १० किलोओहमचे सेन्सर जास्त दिसतात, काहींमध्ये २ ते ३ किलोओहमचेही असतात. हा आकडा २५ डिग्री सेल्सियसचा असतो. ० डिग्रीला तोच रेझिस्टन्स अडीच ते साडेतीन पट होतो, आणि उणे १८ ला साडेपाच ते नऊ पट, नेमकं किती ते त्या सेन्सरच्या कर्व्हवर, म्हणजे कुठल्या तापमानाला किती रेझिस्टन्स या आलेखावर ठरतं. म्हणजे ५ के (के म्हणजे किलोओहम) चा सेन्सर बर्फात १३ ते १७ के दाखवेल आणि फ्रीझरमध्ये २८ ते ४५ के च्या मध्ये कुठेतरी.

आता महत्त्वाचं. बोर्डाला, म्हणजे फ्रिज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला, तापमान कळत नाही, फक्त रेझिस्टन्स कळतो. बोर्ड ५ किंवा ३.३ व्होल्ट देऊन एका ठरलेल्या रेझिस्टरबरोबर हा सेन्सर जोडून मधला व्होल्टेज वाचतो आणि त्यावरून ठरवतो किती थंड आहे ते. त्यामुळे मधल्या वायरीत, कनेक्टरमध्ये, जोडात जे काही घडेल ते सगळं बोर्डाला "तापमान" म्हणूनच दिसतं.

सेन्सर पूर्ण ओपन (आतून तुटलेला) किंवा पूर्ण शॉर्ट (दोन्ही वायरी आपसात जुळलेल्या) झाला तर बहुतेक बोर्डांना ते कळतं, डिस्प्लेवर एरर कोड येतो किंवा लाइट ठरावीक पद्धतीने लुकलुकतो, आणि बरेच बोर्ड मग सेन्सर सोडून देऊन कॉम्प्रेसर ठरावीक वेळ चालू-बंद करत राहतात, म्हणून फ्रिज अर्धवट चालल्यासारखा वाटतो. हे बिघाड सोपे. अवघड असतो तो सेन्सर जो मरत नाही पण खोटं बोलायला लागतो, कारण खोटा आकडा हाही बोर्डाच्या दृष्टीने शक्य असलेलाच आकडा असतो, त्यामुळे एरर येतच नाही.

आणि हे खोटं दोन दिशांनी बोललं जातं. एक, कनेक्टरला किंवा जोडाला गंज लागला, तर सेन्सरच्या पुढे जादा रेझिस्टन्स येऊन बसतो, बोर्डाला वाटतं आत आहे त्यापेक्षा जास्त थंड आहे, कॉम्प्रेसर लवकर थांबतो आणि फ्रिज गरम राहतो. दोन, सेन्सरच्या आवरणात ओल शिरली, तर दोन्ही वायरींमध्ये पाण्याची चोरवाट तयार होते, एकूण रेझिस्टन्स कमी होतो, बोर्डाला वाटतं आत गरम आहे, आणि मशीन चालतच राहतं, वस्तू गोठतात. म्हणजे फ्रिज गरम असेल तर आधी जोड आणि कनेक्टर बघायचे, आणि गोठवत असेल तर सेन्सरचं टोक. नेहमीच असं नसतं, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरतं.

मीटर बाहेर काढण्याआधी

पहिलं म्हणजे तुमच्या फ्रिजला सेन्सर आहे का हेच बघा. आतमध्ये फिरवायची गोल कळ असलेले जुने साधे फ्रिज असतात, त्यात बऱ्याचदा थर्मोस्टॅट असतो, बारीक नळीत गॅस भरलेला, त्याला ही टेस्ट लागू नाही. तिथे कळ बंदच्या खुणेपासून पुढे फिरवताना टक् असा आवाज येतो का आणि त्या आवाजाबरोबर मीटरवर कंटिन्युइटी (दोन टोकं आतून जोडलेली असल्याची खूण) येते-जाते का एवढंच बघायचं (प्लग काढून, वायरी सोडवून).

मग खरं तापमान मोजा. हवेत थर्मामीटर लटकवून नाही, दार उघडलं की तो आकडा लगेच बदलतो. एका ग्लासात पाणी घेऊन मधल्या कप्प्यात ठेवा, त्यात थर्मामीटर, आणि शक्यतो २४ तास, निदान रात्रभर तरी राहू द्या. सेटिंग मध्यम असताना ४ डिग्रीच्या आसपास किंवा थोडं खाली यायला हवं. फ्रीझरमध्ये दोन घट्ट पाकिटांच्या मध्ये थर्मामीटर ठेवला की खरं कळतं, तिथे उणे १८ च्या जवळपास पाहिजे. फ्रिज डिस्प्लेवर आकडा दाखवत असेल तर तो शेजारी लिहून ठेवा, पण काही मॉडेलांवर डिस्प्ले तुम्ही सेट केलेलं तापमान दाखवतो, मोजलेलं नाही, त्यामुळे त्यावर सगळं सोडू नका.

यावरून बरंच कळतं. फ्रीझर बरोबर आणि फक्त फ्रिजचा भाग चुकतोय, तर फ्रिजचा सेन्सर, हवा सोडणारा डॅम्पर, किंवा मधल्या हवेच्या वाटेत साचलेला बर्फ. दोन्हीकडे गरम असेल तर सेन्सरवर संशय शेवटी घ्या, आधी बाकीचं बघा: मागची किंवा खालची कंडेन्सर कॉइल धुळीने भरलीय का, दाराचं रबर सगळीकडे चिकटतंय का (कागद अडकवून ओढून बघा, सहज सुटला तर तिथे हवा शिरतेय), आतला पंखा फिरतोय का, आणि फ्रीझरच्या मागच्या पॅनलवर बर्फाचा थर आहे का.

हा शेवटचा मुद्दा नीट बघा, माझी चूक तिथेच झाली होती. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये कॉइल पूर्ण बर्फाने भरलेली असेल तर प्रश्न डीफ्रॉस्टचा आहे, म्हणजे हीटर, डीफ्रॉस्ट सेन्सर, थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वीज तोडणारा) किंवा बोर्ड. कॉइलच्या फक्त एका कोपऱ्यात बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर बहुतेक गॅस कमी आहे आणि ते काम घरचं नाही. आणि कॉइलवर सगळीकडे पातळ, सारखं दव गोठल्यासारखं पांढरं असेल तर गारवा तयार होण्यात अडचण नाही, मग सेन्सर तपासायला अर्थ आहे.

अजून एक, सेन्सरला खेटून काही ठेवलंय का? जाळीदार छोट्या झाकणामागे सेन्सर असतो, त्याच्यासमोर मोठं भांडं किंवा नुकतंच ठेवलेलं गरम काही असेल तर बिचारा सेन्सर बरोबरच सांगतोय, पण त्या भांड्याचं तापमान. सामान हलवून एक दिवस बघितलं की काही फ्रिज तेवढ्यावरच बरे होतात.

सुरक्षिततेचं, हे टाळू नका

प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. इन्व्हर्टर फ्रिज असेल तर त्याच्या बोर्डावरचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ चार्ज धरून असतात आणि तो व्होल्टेज जीवघेणा असतो, म्हणून निदान दहा मिनिटं थांबा आणि तरीही बोर्डाला हात लावू नका, फक्त सेन्सरच्या कनेक्टरपुरतं काम ठेवा.

दुसरं, आजच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन गॅस असतो, तो पेट घेतो. फ्रिजच्या आत किंवा मागे लेबलवर लिहिलेलं असतं. त्यामुळे बर्फ सुरीने, स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचा नाही, कॉइल फुटली तर गॅस बाहेर येईल आणि फ्रिजही कायमचा जाईल. दार उघडं ठेवून, खाली टॉवेल टाकून, आत गरम पाण्याचं भांडं ठेवून बर्फ आपोआप वितळू द्या. घाई असली तरी हीट गन नको, आतलं प्लास्टिक वाकतं.

सेन्सर सापडायचा कुठे

साधारणपणे तीन असतात. एक फ्रिजच्या भागात, बाजूच्या किंवा मागच्या भिंतीवर जाळीदार झाकणामागे, नाहीतर वरच्या लाइटच्या किंवा कंट्रोलच्या डब्यात. एक फ्रीझरमध्ये, मागच्या पॅनलच्या आत किंवा पंख्याजवळ. तिसरा डीफ्रॉस्टचा, कॉइलच्या वरच्या नळीला क्लिपने लावलेला. काही मॉडेलांना बाहेरच्या हवेचा चौथाही असतो, वरच्या बिजागरीच्या झाकणाखाली किंवा दारातल्या डिस्प्लेत. एरर कोडमध्ये बरेचदा एफ म्हणजे फ्रीझर, आर म्हणजे फ्रिजचा भाग आणि डी म्हणजे डीफ्रॉस्ट अशी अक्षरं असतात, पण प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. मॅन्युअल बघा, आणि काही फ्रिजना खालच्या पट्टीमागे किंवा मागच्या कव्हरच्या आत टेक्निशियनसाठी घडी घातलेला कागद चिकटवलेला असतो त्यात सेन्सरच्या व्हॅल्यूचं टेबल छापलेलं असतं, तो कागद मिळाला तर निम्मं काम झालं.

झाकण काढताना प्लास्टिकची पट्टी वापरा आणि घाई करू नका, थंड प्लास्टिक कडक झालेलं असतं, क्लिप पटकन तुटते. म्हणून अर्धा-एक तास दार उघडं ठेवून मग हात घाला. आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, सेन्सरचं टोक कुठल्या दिशेला होतं, वायर कुठून गेली होती, बसवताना हे लागतंच.

डीफ्रॉस्टच्या जागी एक फसगत आहे. काही फ्रिजमध्ये तिथे थर्मिस्टर नसून बायमेटल असतो, छोट्या चपट्या गोल डबीसारखा, तो नुसता स्विच आहे. थंडीत बंद होतो आणि खोलीच्या तापमानाला उघडा असतो, म्हणजे टेबलावर मोजलं तर मीटर ओपन दाखवणारच, आणि लोक त्याला खराब ठरवून मोकळे होतात. त्याच्याजवळ थर्मल फ्यूज असतो त्याचं उलट, तो कायम जोडलेला पाहिजे, मीटरवर जवळपास शून्य ओहम. फ्यूज ओपन असेल तर तो गेलाय.

पहिलं माप: २५ डिग्रीला

सेन्सरचा कनेक्टर बोर्डापासून सोडवा. जोडलेला ठेवून मोजलं तर बोर्डातलं रेझिस्टन्सही त्यात येतं आणि आकडा काहीच्या काही येतो. सेन्सरला वेगळा कनेक्टर नसेल, वायर सरळ भिंतीत जात असेल, तर बोर्डाकडचा प्लग काढून तिथल्या दोन पिनांवर मोजा, कुठल्या पिना ते वायरच्या रंगावरून कळतं.

मीटर २० के च्या रेंजवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावून शून्याजवळ येतंय ना बघा, बऱ्याच चुका मीटरच्या तुटक्या वायरीमुळेच होतात. मीटरने ओएल (रेंजच्या बाहेर) किंवा डावीकडे नुसता १ दाखवला तर लगेच सेन्सर ओपन म्हणू नका, २०० के वर नेऊन बघा. आणि मोजताना दोन्ही प्रोबची धातूची टोकं बोटांनी धरायची नाहीत, आपल्या शरीराचा रेझिस्टन्स त्यात मिसळतो, आणि थंडीतल्या मोठ्या आकड्यांना ते चांगलंच जाणवतं. शक्य असेल तर मगर क्लिपा वापरा.

खोली बरोबर २५ डिग्री असणं शक्य नाही, म्हणून सोपा उपाय: ग्लासात पाणी घ्या, थर्मामीटर त्यात, गरम-गार पाणी मिसळत २५ वर आणा. सेन्सरचं टोक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात बुडवा, जोड असेल तर तो पाण्याबाहेर ठेवा. पाच मिनिटं थांबून आकडा स्थिर झाला की लिहा. ज्यांचा सेन्सर भिंतीतून निघत नाही त्यांनी फ्रिज बंद ठेवून दार उघडं टाकून चार-पाच तासांनी, शेजारी थर्मामीटर ठेवून मोजायचं, थोडी चूक येईल पण चालतं.

आता आकडा कसा वाचायचा. या सेन्सरमध्ये एका डिग्रीला साधारण ४ ते ५ टक्के फरक पडतो. म्हणजे ५ के च्या जागी ४.८ किंवा ५.२ आलं तर सेन्सर चांगला आहे, थर्मामीटरचीच तेवढी चूक असू शकते. १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर संशय, आणि आकडा स्थिरच होत नसेल, वरखाली नाचत असेल, तर आत ओल किंवा तुटका जोड आहे असं समजा.

दुसरं माप: बर्फात, आणि दोन का ते इथे

ग्लास बर्फाच्या चुऱ्याने काठोकाठ भरा, मग फक्त मधल्या फटी भरतील एवढंच पाणी ओता. पाण्यात चार खडे तरंगताहेत असं नको, तसं केलं तर तळाचं पाणी २-३ डिग्रीला असतं. ढवळा, दोन मिनिटं थांबा, मग टोक मध्यभागी, काचेला आणि तळाला न लागता. असं नीट केलं की ते ० डिग्री असतं, थर्मामीटरवर भरवसा नसला तरी या ग्लासवर ठेवा, उलट थर्मामीटरच यात तपासून घ्या. पाच ते दहा मिनिटांनी आकडा लिहा.

मग बर्फातल्या आकड्याला २५ डिग्रीच्या आकड्याने भागा. उत्तर अडीच ते साडेतीनच्या मध्ये आलं पाहिजे. गंमत म्हणजे यासाठी सेन्सर कितीचा आहे हे माहीतच असावं लागत नाही, ५ के असो की १० के, पट तेवढीच येते. टेबल हाताशी असेल तर अर्थातच त्यावरून बघा.

एक हिशोब करून दाखवतो म्हणजे दोन तापमानांचा आग्रह कशासाठी ते कळेल. समजा ५ के चा सेन्सर आहे आणि ओलीमुळे त्याच्या दोन वायरींमध्ये १०० के ची गळती तयार झालीय. खोलीत मोजलं तर मीटर ४.७६ के दाखवतो, म्हणजे ५ टक्केसुद्धा फरक नाही, कोणीही म्हणेल सेन्सर ओके. पण तोच सेन्सर फ्रीझरमध्ये ४० के असायला हवा, तिथे तो २८.६ के दाखवतो, म्हणजे बोर्डाला तब्बल सहा डिग्री जास्त गरम वाटतंय आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. गळती थंडीतच उघडी पडते.

गंजाचं बरोबर उलट. कनेक्टरमध्ये २ के चा जादा रेझिस्टन्स आला तर फ्रीझरच्या ४० के मध्ये तो लपून जातो, पण खोलीत ५ च्या जागी ७ दिसतो, लगेच पकडला जातो. आणि फ्रिजच्या भागात, ४ डिग्रीला, जिथे १३ के च्या आसपास असतं, तिथे हे २ के म्हणजे तीन डिग्रीची चूक. फ्रिज ४ च्या ऐवजी ७ वर राहतो आणि दूध लवकर खराब होतं, कुणाला कारण कळत नाही. म्हणून गरमातलं माप गंज पकडतं, गारातलं माप ओल पकडतं, एकावर भागत नाही.

फ्रीझरच्या किंवा डीफ्रॉस्टच्या सेन्सरवर गळतीचा संशय असेल तर ० वरही तो कधीकधी निसटतो, मग अजून खाली जावं लागतं. बर्फाच्या चुऱ्यात भरपूर मीठ मिसळलं की तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, पण नेमकं किती ते प्रत्येक वेळी वेगळं, त्यामुळे तिथे थर्मामीटर टोकाला लावूनच ठेवायचा आणि टेबलाशी जुळवायचं. मिठाचं पाणी सेन्सरला लागू देऊ नका, पिशवी इथे हवीच.

आणि टेबल नसताना सगळ्यात चांगली युक्ती ही की पुष्कळ फ्रिजमध्ये दोन-तीन जागी एकाच व्हॅल्यूचे सेन्सर असतात. दोन्ही काढता येत असतील तर एकाच ग्लासात शेजारी-शेजारी ठेवून मोजा. खोलीत सारखे आणि बर्फात वेगळे आले तर कमी आकडा दाखवणाऱ्याकडे बोट करा.

वायर आणि कनेक्टर

दोन्ही मापं बरोबर आली म्हणजे फक्त सेन्सर चांगला आहे, रस्ता चांगला आहे असं नाही. कनेक्टर उघडून पिना उजेडात बघा, हिरवट किंवा पांढरी पूड, काळपट डाग दिसले तर तोच गुन्हेगार. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कोरडं करा, दोन-तीनदा लावा-काढा, सैल पिन असेल तर हलक्या हाताने आवळा.

मग सेन्सर परत जोडून बोर्डाकडच्या प्लगवर (बोर्डापासून सोडवलेल्या) मोजा. सेन्सरजवळचा आकडा आणि बोर्डाकडचा आकडा यात काही ओहमपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर बिघाड मधल्या वायरीत, आणि ती वायर बहुतेक फोमच्या आत पुरलेली असते. तिचा नाद सोडून जवळची मोकळी वायर वापरता येते का किंवा बाहेरून नवी नेता येते का हे टेक्निशियनला विचारा, फोम कोरायला जाऊ नका, आत गॅसच्या नळ्या असू शकतात.

कधी येतो कधी जातो असा बिघाड असेल तर मीटर लावून ठेवून वायर हलकेच वाकवा, ओढा, विशेषतः दाराच्या बिजागरीजवळ, जिथे रोज दार उघडताना वायर मुरडली जाते. आकडा उडी मारतो ती जागा सापडली की झालं.

सेन्सर बरोबर, वायर बरोबर, मग बोर्ड?

बोर्डावर चालू लाइनीत व्होल्टेज मोजायला मी घरी कुणाला सांगणार नाही, तिथे शेजारीच मेन्स, म्हणजे घरातली पूर्ण दाबाची वीज असते. त्याऐवजी बोर्डाला फसवून बघायचं. प्लग काढलेला असताना फ्रीझरच्या सेन्सरच्या जागी साधा रेझिस्टर लावा, ५ के चा सेन्सर असेल तर ४.७ के. बोर्डाला वाटेल फ्रीझर २५-२६ डिग्रीला आहे. टेप लावून, कव्हर बंद करून, मग प्लग लावा. कॉम्प्रेसर लगेच सुरू होणार नाही, बहुतेक बोर्ड काही मिनिटं मुद्दाम थांबतात, दहा मिनिटं द्या. मग परत प्लग काढून ४७ के लावा, आता बोर्डाला फ्रीझर पुरेसा गार झालाय असं वाटेल आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायला नको. १० के च्या सेन्सरसाठी हेच १० के आणि १०० के.

दोन्ही वेळा बरोबर वागला तर बोर्ड बहुतेक ठीक. ४.७ वर काहीच हालचाल नसेल तर बोर्ड, कॉम्प्रेसर किंवा त्याची सर्किट, आता टेक्निशियनला बोलवा आणि ही सगळी मापं त्याला दाखवा, त्याचाही वेळ वाचतो. ही टेस्ट फ्रिजच्या भागाच्या सेन्सरवर केली तर गोंधळ होईल, कारण एकच कॉइल असलेल्या बऱ्याच फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर फ्रीझरच्या सेन्सरवर चालतो आणि फ्रिजचा सेन्सर फक्त डॅम्पर किंवा पंखा सांभाळतो. आणि टेस्ट झाली की रेझिस्टर लगेच काढा, ४.७ के चा लावून ठेवला तर मशीन थांबणारच नाही आणि ४७ के चा राहिला तर सुरूच होणार नाही.

डीफ्रॉस्ट सेन्सरचं थोडं वेगळं आहे. तो गरम असल्याचं खोटं सांगत असेल तर हीटर वेळेआधी बंद होतो, बर्फ अर्धा वितळतो, आठवड्यागणिक थर वाढत जातो. थंड असल्याचं खोटं सांगत असेल तर हीटर ठरलेली कमाल वेळ संपेपर्यंत चालू राहतो, आणि फ्रीझरमधल्या वस्तू मधूनमधून ओलसर होऊन परत गोठलेल्या दिसतात.

नवा बसवताना

फक्त २५ डिग्रीची व्हॅल्यू जुळून उपयोग नाही, पूर्ण कर्व्ह जुळला पाहिजे, दोन ५ के चे सेन्सर उणे १८ ला खूप वेगळे असू शकतात. म्हणून मॉडेल नंबर देऊन त्याचाच पार्ट घ्या. आणि नवा आला की बसवण्याआधी त्याचीही दोन्ही मापं घ्या, नवा म्हणजे चांगलाच असं धरून चालू नका.

वायर कापून जोडायची असेल तर नुसती पिळून टेप गुंडाळू नका, फ्रिजच्या आत दमट हवा असते आणि तो जोड काही महिन्यांत गंजतो, म्हणजे आज बदललेला सेन्सर उद्याचा बिघाड ठरतो. सोल्डर करा, दोन्ही जोड पुढेमागे ठेवा म्हणजे एकमेकांना लागणार नाहीत, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा, किंवा जेल भरलेले क्रिम्प कनेक्टर वापरा. हे काम शक्यतो फ्रिजच्या बाहेर वायर ओढून करा आणि आर-६००ए चा फ्रिज असेल तर आधी दार उघडं ठेवून हवा खेळू द्या. एनटीसीला प्लस-मायनस नसतो, दोनपैकी कुठलीही वायर कुठेही चालते. जोडाजवळ वायरला खाली झुकणारा एक झोका ठेवा म्हणजे थेंब ओघळून जोडात न जाता खाली पडेल. आणि टोक मूळ क्लिपमध्येच, फोटोत होतं तसंच, डीफ्रॉस्टचा असेल तर नळीला घट्ट टेकलेला. हवेचा सेन्सर मात्र भिंतीला चिकटू देऊ नका, नाहीतर तो हवेऐवजी भिंतीचं तापमान सांगेल.

प्लग लावल्यावर सेटिंग मध्यमवर ठेवा आणि एक दिवस त्याला हात लावू नका. परत तोच पाण्याचा ग्लास, तोच थर्मामीटर, मधला कप्पा. चोवीस तासांनी ४ च्या आसपास आणि फ्रीझर उणे १८ च्या जवळ आला तर ठीक, पण मी आठवडाभर रोज सकाळी एक आकडा लिहितो, कारण डीफ्रॉस्टचा बिघाड चार-पाच दिवसांनी डोकं वर काढतो. सेन्सरच्या दोन्ही मापांचा कागद तारखेसकट बिजागरीच्या झाकणाखाली चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी जो कुणी ते झाकण उघडेल त्याला जुळवायला आकडे तयार मिळतील.